दात आणि हिरडी यांचा नाजूक सांधा

दातासारखा अस्तर भेदून हाडातून बाहेर आलेला दुसरा अवयव शरीरात नाही. त्यामुळे दाताभोवती राहणारी फट बंद ठेवतो हिरडीच्या अस्तराचा एक अरुंद पट्टा. तळाशी तो जेमतेम दोन-तीन पेशी जाडीचा असतो. त्याच्या पेशी मुद्दाम सैल रचलेल्या असतात, कारण पांढऱ्या पेशींना त्यांच्यामधून वाट काढत जंतूंपर्यंत पोहोचायचे असते. ही सोय मोलाची, पण तिथेच धोकाही आहे.

‘पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ हा जिवाणू ‘जिंजिपेन’ नावाची विकरे सोडतो. पेशींना एकमेकींशी जोडणारी ई-कॅडहेरिनसारखी प्रथिने ती कापतात. दीर्घकाळ सूज राहिली, की आपल्याच पांढऱ्या पेशींची विकरे उरलेली पडझड करतात. पट्टा दातापासून सुटतो, मुळाच्या दिशेने खाली सरकतो आणि 1 ते 3 मिलिमीटरची निरोगी खाच खोल कप्पा बनते. हिरडीच्या तीव्र आजारात ही खोली 6 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरते.

कप्प्याच्या आतल्या भिंतीवर जागोजागी व्रण पडतात. आरशात ते दिसत नाहीत. ब्रशला लागलेले रक्त हीच त्यांची खूण. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तीही पुसट होते, म्हणून रक्त येत नाही यावर त्यांनी मुळीच विसंबू नये. साधे चावतानाही इथून जंतू रक्तात शिरू शकतात.

मुळाची खोल सफाई केल्यावर अस्तर दाताला पुन्हा चिकटते. झिजलेले हाड मात्र बहुधा तेवढ्याने भरून येत नाही.