मुंग्या थांबल्यावर

वैशाखातल्या दुपारी वेळणेश्वरला जांभ्यावरून अनवाणी जाणारा माणूस पावले भराभर उचलतो, चटका बसतो म्हणून. मला काळजी वाटते ती सावकाश चालणाऱ्याची. मधुमेहात नसांची हानी बहुधा बोटांपासून सुरू होते आणि दोन्ही पायांत सारखीच, मोजा चढवावा तशी वर सरकते. अशा तळव्याला आलेला फोड दुखत नाही. पाय धुताना दिसला तरच कळतो.

चरकाच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत हातापायांची बधिरता आणि दाह आहे, तसेच लघवीकडे मुंग्या धावणेही. मराठीत बधिर पायालाही ‘मुंग्या आल्या’ म्हणतात; योगायोग, पण मार्मिक. या पायातल्या मुंग्या थांबल्या की घरचे म्हणतात, गुण आला. आला असेलही. पण नस पुरती मेल्यावरही मुंग्या थांबतात, आणि कित्येकांना तर सुरुवातीपासून काहीच जाणवत नाही. म्हणून तक्रारीची वाट न पाहता पाय तपासायचा: प्रौढपणी होणाऱ्या, म्हणजे टाइप 2 मधुमेहात निदान होताच, पुढे दरवर्षी.

मुख्य साधन म्हणजे नायलॉनचा दोरा, गरवायच्या तंगुसासारखा. 10 ग्रॅम दाबाला तो वाकतो. रुग्णाने डोळे मिटायचे. अंगठ्याला आणि चवड्याला, घट्टे टाळून, दोरा टेकवायचा. लागला की त्याने सांगायचे. या दोऱ्याला बधिर पायांपर्यंत आणले ते कुष्ठरोगाच्या कामाने. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवले, की कुष्ठरोग्यांची बोटे मुख्यतः न दुखणाऱ्या जखमांनी जातात. 1966 मध्ये ते अमेरिकेत कारव्हिलला गेले. तिथे मधुमेहींच्या पायांतही त्यांना तेच दिसले.

दोऱ्याच्या जोडीला 128 हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि घोट्यामागे हातोडीने ठोकून प्रतिक्षेप पाहतात. नर्व्ह कंडक्शनची महागडी तपासणी दरवेळी लागत नाही. शिवाय ती जाड तंतूंचीच खबर देते. आग आणि चटका वाहणारे बारीक तंतू बिघडले तरी अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. उलट, बधिरता दिसली की साखरेवरच खापर फोडू नये. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्याचे बी-12 कमी झालेले असू शकते, आणि ती कमतरता भरून काढता येते. थायरॉइड, दारू, मूत्रपिंड हेही पाहावे लागते. एकाच जागी बधिर चट्टा आणि जाड झालेली नस सापडली तर कुष्ठरोगाचा विचार करावा.

आपल्याकडे दवाखान्यात शिरतानाच चपला उंबऱ्याबाहेर निघतात, तरी पाय क्वचितच पाहिले जातात. गाव तालुक्याच्या ठिकाणापासून लांब असेल तर इंग्लंडमधल्या इप्सविचच्या इस्पितळातून 2011 मध्ये पुढे आलेली चाचणी घरीही करता येते. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना आपल्या बोटाने एकदाच अलगद, सेकंद-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचे नाही, चोळायचे नाही. डोळे मिटलेल्या माणसाने फक्त ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचे. सहांपैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर पाय डॉक्टरांना दाखवायचा आणि तोवर जांभ्यावर चप्पल घालूनच जायचे.