हुमणीची एकच संध्याकाळ

श्रावण-भाद्रपदात ऊस पिवळा पडला, की आपण युरिया टाकतो. आम्हीही परसातल्या उसाला तेच केले होते! आधी बेट ओढून पाहावे. ते अलगद हाती आले, तर मुळ्या हुमणीने खाल्ल्या असे समजावे. अळी खोल मातीत, तेव्हा औषध पोहोचणे कठीण.

तिचे भुंगेरे मात्र वळवाचा पहिला मोठा पाऊस होताच दिवेलागणीला मातीतून निघून कडुलिंब-बाभळीवर जमतात. रात्रभर पाला खातात, तेथेच मीलन होते. पहाटे पुन्हा मातीत. मादी सुमारे ५०-६० अंडी घालते. म्हणून त्या संध्याकाळपासून रोज फांद्या हलवाव्यात व पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात बुडवावेत. शेजाऱ्यालाही बोलवावे, त्याच्या बाभळीवरचा भुंगेरा आपला बांध ओळखत नाही.