नॅनोपदार्थ : पृष्ठभागाचे बळ, पृष्ठभागाची अडचण

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. डीएनएच्या दुपेडी रेणूची जाडी सुमारे २ नॅनोमीटर भरते. ज्या पदार्थाची लांबी, रुंदी किंवा जाडी यांपैकी निदान एक तरी १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते, त्याला नॅनोपदार्थ म्हणतात. या आकाराला पोहोचल्यावर पदार्थाचे दोन गुण बदलतात.

पहिला बदल पृष्ठभागाचा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्व तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होते. पृष्ठावरच्या अणूंना सर्व बाजूंनी शेजारी नसतात, म्हणून ते रासायनिक क्रियेला अधिक तत्पर असतात. दुसरा बदल इलेक्ट्रॉनांचा. जागा अपुरी पडली की त्यांच्या ऊर्जापातळ्या कणाच्या आकारावर ठरू लागतात. कॅडमियम सेलेनाइडचे २ नॅनोमीटरच्या आसपासचे कण निळा प्रकाश देतात, तर ६ नॅनोमीटरच्या आसपासचे तांबडा. अशा ‘क्वांटम डॉट्स’च्या संशोधनासाठी एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हे कण आज दूरचित्रवाणीच्या पडद्यांतही वापरले जातात.

रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ मध्ये अणू हवे तसे मांडण्याची शक्यता बोलून दाखवली होती. पृष्ठावरचे अणू प्रत्यक्ष दाखवणारा सूक्ष्मदर्शक १९८१ मध्ये झुरिक येथे बिनिग आणि रोहरर यांनी बनवला. त्यानंतर १९८५ मध्ये साठ कार्बन अणूंचा पोकळ रेणू, १९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांनी वर्णिलेल्या कार्बन नलिका आणि २००४ मध्ये मँचेस्टर येथे गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी वेगळे केलेले ग्राफीन असा पदार्थांचा क्रम लागला. आजचे संशोधन या पदार्थांना उपयोगात आणण्याचे आहे, आणि त्यातले यश व अपयश बहुतांशी पृष्ठभागावरच ठरते.

इलेक्ट्रॉनिकी

ट्रान्झिस्टर लहान करत गेले की बंद अवस्थेतही त्यातून विद्युतप्रवाह झिरपतो. तो रोखण्यासाठी प्रवाहाचा मार्ग पातळ करावा लागतो. पण सिलिकॉनचा थर काही नॅनोमीटरांपेक्षा पातळ झाला की त्याच्या पृष्ठावरचा खडबडीतपणा इलेक्ट्रॉनांना अडवू लागतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकेरी थर जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या पृष्ठावर सुटे रासायनिक बंध नसतात, म्हणून ही अडचण त्यात कमी होते. लोझान येथे २०११ मध्ये या एकेरी थराचा कार्यक्षम ट्रान्झिस्टर तयार झाला. शांघायच्या फुदान विद्यापीठाने २०२५ मध्ये याच पदार्थाच्या सुमारे ५,९०० ट्रान्झिस्टरांचा ३२ बिटांचा प्रोसेसर चालवून दाखवला.

कार्बन नलिकांनीही मजल मारली आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये २०१९ मध्ये १४,००० हून अधिक नलिका-ट्रान्झिस्टरांचा १६ बिटांचा प्रोसेसर तयार झाला. ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉन विलक्षण वेगाने धावतात, पण त्यात इलेक्ट्रॉनांना ओलांडावी लागणारी ऊर्जेची फट नसल्यामुळे प्रवाह पूर्ण बंद करता येत नाही. जॉर्जिया टेकमधील संशोधकांनी सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या थरात ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टची फट मिळवल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी २०१८ मध्ये एमआयटीच्याच पाब्लो हारियो-हेरेरो यांच्या गटाने ग्राफीनचे दोन थर एकमेकांवर १.१ अंशाने पिळून ठेवले आणि अतिशीत तापमानाला त्यांत अतिसंवाहकता आढळली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही पिळलेल्या ग्राफीनवर काम होते.

मात्र बाजारातल्या सिलिकॉन चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. तिथवर पोहोचण्यासाठी मोठ्या चकतीवर एकसारखा, निर्दोष थर वाढवणे आणि त्या नाजूक थराला धातूची कमी रोधाची जोडणी देणे ही दोन कामे अजून सुटायची आहेत.

ऊर्जासाठवण

लिथियम-आयन बॅटरीच्या ॲनोडमध्ये सामान्यतः ग्राफाइट असते. सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम अणू सामावतो, म्हणून त्याची क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास इतकीच राहते. सिलिकॉनची क्षमता त्याच्या सुमारे दहापट आहे. अडचण अशी, की लिथियम शोषताना सिलिकॉनचे आकारमान ३०० टक्क्यांच्या आसपास वाढते आणि चार्जिंगच्या काही फेऱ्यांतच त्याचा भुगा होतो. स्टॅनफर्डच्या यी क्वी यांच्या गटाने २००८ मध्ये सिलिकॉनच्या नॅनोतारा वापरल्या. तारांच्या मधल्या रिकाम्या जागेत फुगायला वाव असल्यामुळे त्या टिकल्या. साधारण १५० नॅनोमीटरपेक्षा लहान सिलिकॉन-कणांना तडे जात नाहीत, हेही पुढे दिसून आले.

तरी पृष्ठफळ वाढले की बॅटरीतला विद्युत-अपघटनी द्रव पृष्ठावर विघटित होऊन अधिक लिथियम खर्ची पडते. म्हणून २०१४ मध्ये त्याच गटाने डाळिंबाच्या दाण्यांसारखे सिलिकॉन-कण एका कार्बन-कवचात भरले. द्रव कवचाबाहेर अडतो आणि कण आत मोकळेपणी फुगतात. एक हजार फेऱ्यांनंतरही या ॲनोडची ९७ टक्के क्षमता शिल्लक होती.

लिथियम आयर्न फॉस्फेटची कथा बाजारात सिद्ध झालेली आहे. १९९७ मध्ये बॅटरी-संशोधक गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेने कॅथोडसाठी पुढे आणलेला हा पदार्थ विजेचा मंद वाहक होता. त्याचे बारीक कण करून त्यांवर कार्बनचा लेप दिल्यावर तो विजेच्या वाहनांना पुरेसा जलद झाला. ड्रेक्सेल विद्यापीठात २०११ मध्ये सापडलेले ‘एमएक्सीन’ नावाचे अतिपातळ थर महाधारित्रांसाठी, म्हणजे झपाट्याने भरणाऱ्या साठवण-उपकरणांसाठी, अभ्यासले जात आहेत. हे थर पुन्हा एकमेकांना चिकटून पृष्ठभाग गमावतात, हा त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न आहे.

वैद्यक

नॅनोकणांच्या साहाय्याने औषध देण्याची पद्धत प्रयोगशाळेबाहेर येऊन तीन दशके झाली. मेदाच्या पिशवीत डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध भरलेले ‘डॉक्सिल’ अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झाले. त्याने हृदयावरचा दुष्परिणाम घटवला. मात्र गाठीत पोहोचण्याचा प्रश्न कठीण राहिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार टोचलेल्या नॅनोकणांपैकी कर्करोगाच्या गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के होते. रक्तात शिरताच कणाच्या पृष्ठावर प्रथिनांचा थर चढतो आणि यकृत व प्लीहा त्याला उचलून घेतात.

हीच अडचण पुढे वाट ठरली. लिपिड, म्हणजे मेदाच्या, नॅनोकणांवर रक्तातले एक विशिष्ट प्रथिन बसते आणि त्यांना यकृतपेशींकडे नेते. त्याचा लाभ घेणारे पहिले आरएनए-औषध, पॅटिसिरान, २०१८ मध्ये मंजूर झाले. या कणांतला मेद रक्तात उदासीन असतो, तर पेशीच्या आम्लधर्मी कप्प्यात धनभारित होऊन आरएनएची सुटका करतो. कोविडच्या एमआरएनए लशी याच तंत्रावर उभ्या राहिल्या. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने तयार केलेली, २ ते ८ अंश सेल्सिअसला टिकणारी भारताची पहिली एमआरएनए लस जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापरासाठी मंजूर झाली. फिलाडेल्फियात तर एका बाळाच्या दुर्मिळ यकृतविकारासाठी खास तयार केलेले जनुक-संपादन लिपिड नॅनोकणांतून दिले गेले. २०२५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. मेदांच्या मिश्रणात आणखी एक घटक मिसळून कण फुफ्फुसाकडे किंवा प्लीहेकडे वळवण्याचे प्रयोगही प्राण्यांत यशस्वी झाले आहेत.

निर्मिती आणि सुरक्षितता

नॅनोकण बनवण्याच्या रीतीही सौम्य होत आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण मिळवले. मात्र सुरक्षिततेचा निवाडा पदार्थागणिक वेगळा करावा लागतो. लांब, ताठ कार्बन नलिका शरीरात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह करू शकतात, हे २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१४ मध्ये अशा एका नलिका-प्रकाराला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले. लहान आणि वळलेल्या नलिकांना तोच निष्कर्ष आपोआप लागू होत नाही. आकार, लांबी, लेप आणि शरीरात टिकण्याचा काळ यांची नोंद प्रत्येक नव्या पदार्थासोबत झाली पाहिजे. जो पृष्ठभाग बॅटरीला क्षमता आणि औषधाला दिशा देतो, तोच पेशीलाही भिडतो. म्हणून ही तपासणी उत्पादन सुरू झाल्यावर करून भागत नाही. तिची जागा पदार्थाच्या रचनेइतकीच आधी, प्रयोगशाळेतच आहे.