यादीची उलटतपासणी

लेखांक सहावा

यादी एकतर रिकामी असते, नाहीतर एक घटक आणि त्यामागे उरलेली यादी, अशी व्याख्या मागच्या लेखात केली होती. पहिला घटक म्हणजे डोकं, उरलेलं ते शेपूट. लिस्प भाषेवरच्या १९६०च्या निबंधात जॉन मॅकार्थींनी यादी अशीच हाताळली आणि हॅस्केलमध्येही ती तशीच असते. व्याख्येत शक्यता दोन, म्हणून फंक्शनच्याही ओळी दोन. यादी उलटी करायची आहे:

उलट [] = []
उलट (डोकं : शेपूट) = उलट शेपूट ++ [डोकं]

इथे ++ हे चिन्ह दोन याद्या जोडतं. दुसरी ओळ वाचताना नवखा माणूस आतल्या 'उलट'च्या मागे धावतो, मग त्याच्याही आतल्या, आणि तिसऱ्या फेरीत त्याला घेरी येते. धावायचंच नाही. शेपूट नीट उलटलं गेलं असं समजायचं आणि एवढंच विचारायचं, की आता डोकं कुठे लावू? अर्थात शेवटी. हा आंधळा विश्वास नव्हे. गणिती विगमनाचीच ही पद्धत आहे.

पण लिहिलेलं बरोबर आहे हे कशावरून? [१, २, ३] देऊन [३, २, १] मिळाले की बरेच जण थांबतात. हाताने निवडलेल्या उदाहरणांत आपल्याला आधीच सुचलेल्या चुकाच सापडतात. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातले कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली क्विकचेक हे साधन मांडलं. त्यात उदाहरणं द्यायची नाहीत, नियम सांगायचा. मग साधनच मनाला येतील तशा याद्या बनवून तो नियम १०० वेळा तपासतं.

उलट (उलट य) == य हा नियम सगळ्यांचा लाडका. मला तो फार भोळा वाटतो. मिळालेली यादी जशीच्या तशी परत देणारं आळशी फंक्शनही त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवतं! त्यापेक्षा ही जोडी घ्या:

उलट [क] == [क]
उलट (अ ++ ब) == उलट ब ++ उलट अ

कुठलीही सान्त यादी एकेका घटकापर्यंत तोडता येते, त्यामुळे हे दोन्ही नियम पाळणारं फंक्शन एकच उरतं, आपल्याला हवं तेच. आळशी फंक्शन दुसऱ्या नियमाला अडकतं.

आता मुद्दाम उजवीकडे अ आणि ब यांची अदलाबदल करून पाहा. क्विकचेकला मोडणारं उदाहरण सापडतं, मग ते काटछाट करत बहुधा [०] आणि [१] इतकं लहान करून दाखवतं. मात्र एक खाच आहे. घटक कोणत्या प्रकारचे ते सांगितलं नाही, तर हॅस्केलचा संवादी दुभाषी, म्हणजे जीएचसीआय, एकच किंमत असलेला प्रकार गृहीत धरतो. सगळे घटक सारखेच, मग उलटसुलट कोण ओळखणार? चुकीचा नियमही १०० पैकी १०० वेळा पास. 'पूर्णांकांची यादी' असं नियमाच्या माथ्यावर लिहिलंच पाहिजे.

वेगाबद्दल मात्र हे नियम मुके आहेत. प्रत्येक ++ आधीची यादी पुन्हा चालून जातं. प्रोलॉगमध्ये ३० घटक या पद्धतीने उलटायला ४९६ पायऱ्या लागतात, आणि तिथे वेग मोजायला हेच उदाहरण वापरायची जुनी प्रथा आहे. त्यावर उपाय म्हणजे सोबत एक साठा बाळगायचा:

सरकव [] साठा = साठा
सरकव (डोकं : शेपूट) साठा = सरकव शेपूट (डोकं : साठा)

याची चाचणी घेताना हळू चालणारं 'उलट' टाकून देऊ नका, साक्षीला ठेवा. फक्त साठा रिकामा धरून तुलना करू नका. साठा कोणताही असो, सरकव य साठा == उलट य ++ साठा हा नियम घ्या. दुसऱ्या ओळीत पुढच्या फेरीला जाणारा साठा रिकामा नसतोच, त्यामुळे विगमनाने सिद्धता द्यायला बसलात तर रिकाम्या साठ्याचा नियम तिथेच अडतो. ती सिद्धता पुढच्या आठवड्यात. तोवर वहीत करून पाहा, सहा-सात ओळींचं काम आहे.