शाळेजवळची उच्चदाब विद्युतवाहिनी : भय आणि हिशेब

रक्ताच्या कर्करोगाचे निदान झालेले मूल आपल्या बालविभागात दाखल झाले, की पहिल्या आठवड्यातच त्याचे पालक खर्चाच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न विचारतात : "साहेब, शाळेवरून टॉवरची लाइन जाते, त्यामुळे तर झाले नसेल ना?" मी डॉक्टर नव्हे, पावत्या आणि ताळेबंद हेच माझे क्षेत्र. तथापि, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी नियोजित असलेल्या बालवाडीकरिता एका हितचिंतकांनी देऊ केलेला भूखंड नेमका २२० किलोव्होल्टच्या वाहिनीलगत निघाला आणि या विषयावर टिपण सादर करण्याचे काम विश्वस्त मंडळाने माझ्याकडे सोपविले. त्यातील मुख्य भाग देणगीदारांपुढे ठेवणे मला उचित वाटते.

विजेच्या तारेभोवती दोन प्रकारची क्षेत्रे असतात. विद्युत क्षेत्र दाबावर अवलंबून असते. भिंती आणि झाडे ते बऱ्याच अंशी अडवितात. चुंबकीय क्षेत्र प्रवाहावर अवलंबून असते व भिंतीतून आरपार जाते. त्यामुळे एकाच वाहिनीखालील चुंबकीय क्षेत्र विजेच्या मागणीप्रमाणे दिवसभर कमीजास्त होत राहते. आपल्या क्ष-किरण विभागातील किरणांशी मात्र याची गल्लत करू नये. ५० हर्ट्‌झच्या क्षेत्रात रेणूंमधील बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. (मोबाइलच्या मनोऱ्यांचा प्रश्न रेडिओलहरींचा, म्हणजे अगदीच निराळा आहे.)

मग ही शंका आली कोठून? १९७९ साली नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी अमेरिकेतील डेन्व्हर शहरातील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोगाने मरण पावलेल्या मुलांच्या घरांजवळ अधिक प्रवाहाच्या तारा जास्त प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. पुढे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००० साली विश्लेषण झाले. घरातील सरासरी चुंबकीय क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक असलेल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. मात्र अशी मुले फारच थोडी होती. युरोपातील घरांत ही सरासरी ०.०७ मायक्रोटेस्लाच्या आसपास असते, तर वाहिनीच्या थेट खाली क्षेत्र २० मायक्रोटेस्लापर्यंत जाऊ शकते. २००२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या क्षेत्राची नोंद "कदाचित कर्करोगकारक" या गटात केली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये पुरावा कार्यकारणसंबंध ठरविण्याइतका सबळ नसल्याचे सांगितले. अल्प खर्चाचे उपाय मात्र योजावेत, असेही सुचविले. हा संबंध खरा मानला, तरीही जगातील मुलांच्या रक्ताच्या कर्करोगापैकी जास्तीत जास्त पाच टक्के रुग्ण त्याच्या खाती जमा होतात. म्हणूनच आमचे डॉक्टर पालकांना सांगतात, की बहुसंख्य मुलांत कारण सापडतच नाही. तुम्ही निवडलेल्या शाळेला दोष देऊ नका आणि स्वतःलाही देऊ नका.

उपायांत पहिला मान अंतराचा. दूर जावे तसे क्षेत्र झपाट्याने घटते. कॅलिफोर्निया राज्यात नव्या शाळेची जागा वाहिनीसाठी राखलेल्या पट्ट्याच्या कडेपासून ठरावीक अंतरावर असावी लागते : ५० ते १३३ किलोव्होल्टसाठी १०० फूट, २२० ते २३० साठी १५० फूट आणि ५०० ते ५५० साठी ३५० फूट. मुलांचा दीर्घकाळ वावर राहील अशा नव्या जागा ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक क्षेत्रात शक्यतो उभारू नयेत, असा सल्ला नेदरलँड्सच्या शासनाने २००५ साली स्थानिक संस्थांना दिला. एकाच मनोऱ्यावर दोन परिपथ असल्यास दोन्ही बाजूंच्या तारांचा क्रम एकमेकांच्या उलट ठेवला, की त्यांची क्षेत्रे परस्परांना बरीच छेदतात. केबल जमिनीखाली घातली म्हणजे प्रश्न मिटला, अशी समजूत आढळते. ती पुरती खरी नाही. केबलच्या अगदी वर क्षेत्र अधिकही असू शकते. बाजूला ते लवकर घटते, इतकेच. अशा केबलवर मुलांचे मैदान आखू नये.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून मोजणीचे यंत्र आणून आम्ही भूखंड तपासला आणि सहज म्हणून रुग्णालयाचे सध्याचे पाळणाघरही. सर्वांत मोठा आकडा भूखंडावर नव्हे, तर पाळणाघरातच मिळाला! तेथील एका भिंतीपलीकडे आपला मुख्य विद्युत फलक आहे आणि कित्येक वर्षे पाळणे त्याच भिंतीला टेकवून ठेवलेले होते. वाहिनीकडे बोट दाखविणाऱ्या आम्हा सर्वांना त्या दिवशी ओशाळल्यासारखे झाले. पाळणे त्याच संध्याकाळी समोरच्या भिंतीकडे हलविले, खर्च शून्य.

भूखंडाचा हिशेबही सोपा निघाला. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी आपल्याकडे ३५ मीटर रुंदीचा पट्टा राखतात. त्याच्या कडेपासून १५० फूट, म्हणजे सुमारे ४६ मीटर सोडले, तरी वाहिनीच्या मध्यापासून ६४ मीटरांपलीकडे इमारतीपुरती जागा उरते. वर्गखोल्या आणि खेळाचे अंगण तिकडे, तर वाहनतळ अलीकडे, असा सुधारित आराखडा वास्तुविशारदांनी तयार केला असून मीटरची खोली वर्गांपासून अलग दाखविली आहे. जोडरस्त्याची लांबी वाढल्याने होणारा जादा खर्च देणगीदार महोदयांनी स्वतःहून स्वीकारला आहे.