सॅकमधलं पाणी

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत पाय टाकताना पाठीवरच्या सॅकचं खरं वजन कळतं. त्यातलं बरंचसं असतं पाणी: बाटलीतलं आणि न वाळलेल्या कपड्यांतलं.

यातलं दुसरं पाणी जास्त चिवट. कोरडा दिसणारा सुती कपडाही वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा हवेतून धरून बसतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून जीन्स घरीच बरी. टर्किश टॉवेलही, कारण त्याच्या असंख्य फासांत पाणी अडकतं. आपला पंचाही सुतीच, पण विणीला इतका पातळ की वारा आरपार जातो आणि तो बघता बघता वाळतो. महागड्या मायक्रोफायबरवाचून काही अडत नाही.

तारकर्लीच्या समुद्रात भिजलेले कपडे मात्र गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय सॅकमध्ये कोंबू नयेत. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या कितीतरी आधी. दोरीवर खडखडीत वाळलेला टीशर्ट रात्रीत पुन्हा चिकट होतो, तो यामुळे.

परतीचा खाऊही याच हिशेबाने घ्यावा. कोकम आगळाची लिटरची बाटली किलोहून जड. आमसुलं घेतली तर आंबटपणा सोबत येतो, पाणी घरच्या नळाचं.

आणि भरताना जड वस्तू पाठीला लगटून ठेवाव्यात. वजन मागे लोंबलं की तोल सावरायला माणूस पुढे वाकतो आणि कुडाळ स्टेशनचा फलाट येईपर्यंत कंबर धरते.