छत ज्याचं, ऊन त्याचं

डीमार्टचं पहिलं दुकान २००२ साली पवईत उघडलं, तेव्हा छतावरची सौर वीज हा विषयच नव्हता. संस्थापक राधाकिशन दमाणी यांचं धोरण वेगळ्याच कारणाने ठरलं होतं: होता होईल तो दुकानाची जागा विकत घ्यायची, नाहीतर लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. जागेत पैसा अडकल्यामुळे साखळी सावकाश वाढली. तरी मार्च २०२५ अखेर दुकानं ४१५ झाली. भाडं वाचलं म्हणून डाळ, तेल, साबण स्वस्तात देता आलं, हे सगळे सांगतात. इमारतीबरोबर छतही हाती आलं, हे फारसं कोणी बोलत नाही. त्यातल्या बऱ्याच छतांवर कंपनीने पुढे सौर पॅनेलं बसवली.

दुकान आणि ऊन यांचं वेळापत्रक छान जुळतं. एसी, दिवे, फ्रीज दिवसभर चालतात आणि वीजही दिवसाच तयार होते. ती तिथल्या तिथे वापरली जाते, बॅटरीत साठवावी लागत नाही. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळं छत लागतं आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. म्हणजे दहा हजार चौरस फुटांवर रोजची चारशे युनिट. पावसाळ्यात ही वीज बरीच घटते. शिवाय डीमार्टचं दुकान सरासरी चाळीस हजार चौरस फुटांचं. तेच दोन-तीन मजली असलं की छत उरतं थोडं, त्यातही टाक्या आणि एसीची यंत्रं. सगळी गरज छतावर भागत नाही. तरीही भर दुपारी ग्रिडवरचा जेवढा भार हलका होतो, तो मला मोलाचा वाटतो.

छोट्या दुकानांची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०२१ मध्ये अंधेरी पूर्वेला सेव्हन-इलेव्हन या छोट्या दुकानांच्या साखळीचं भारतातलं पहिलं दुकान सुरू झालं. जपानमध्ये याच साखळीच्या हजारो दुकानांवर पॅनेलं आहेत, कारण तिथली बरीच दुकानं सुटी, एकमजली असतात. आपल्याकडे असं छोटं दुकान इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात असतं. घाटकोपरचा वाणी किंवा बोरिवलीचा डेअरीवाला, त्याचा फ्रीज चोवीस तास चालतो, पण डोक्यावरचं छत सोसायटीचं.

म्हणून मुंबईच्या उपनगरांतल्या उन्हाचा खरा निर्णय कुठल्या कंपनीच्या नव्हे, सोसायटीच्या हातात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करणाऱ्या नेट मीटरसाठी मुलुंडकरांना महावितरणकडे जावं लागेल, अंधेरी-बोरिवलीकरांना अदानी किंवा टाटांकडे. तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा जवळ आली असेल, तर विषयपत्रिकेत गच्चीचा विषय या वेळी आवर्जून घालायला सांगा.